सूर्य डोक्यावर साडेबाराला, फाइलमध्ये बाराला : वाचकांचे सोलर प्रश्न

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी बार्शीत घरांवरच्या सोलरची डिझाइनं करून देते, स्वतःचंच छोटं काम आहे. पीव्हीजीआयएस या उन्हाचे आकडे देणाऱ्या वेबसाइटवरून बार्शीची टीएमवाय फाइल, म्हणजे नमुनेदार वर्षाचं तासातासाचं हवामान, उतरवली आणि पीव्हीसिस्ट या सोलरचं जनरेशन काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कस्टम इम्पोर्टने, म्हणजे रकाने स्वतः जुळवून, घेतली. पहिल्यांदा भर दुपारचं ऊन सकाळी सातला दिसायला लागलं, मग कुणीतरी सांगितलं की फाइलमधली वेळ यूटीसी म्हणजे ग्रीनिचची असते, म्हणून एक्सेलमध्ये सगळ्या ओळी ५ तास खाली सरकवल्या. आता एरर येत नाही. पण एका घराचं छप्पर पूर्व-पश्चिम उतरतं आहे, दोन्हीकडे सारखा उतार, सावली कुठलीच नाही, तरी पूर्वेकडचं जनरेशन पश्चिमेपेक्षा पाचेक टक्के जास्त येतंय. गिऱ्हाईक म्हणतंय मग सगळे पॅनेल पूर्वेलाच लावून टाका. काय करू?

उत्तर : ताई, गिऱ्हाइकाला दोन दिवस थांबायला सांगा. छपराचा काही दोष नाही, तुमची फाइल अर्धा तास आधी चालतेय. आपलं घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, आणि एक्सेलमध्ये एक ओळ म्हणजे एक तास, त्यामुळे ओळी सरकवून तुम्ही ५ तास भरून काढलेत पण वरचा अर्धा तसाच राहिला. हा अर्धा तास फार जणांना गंडवतो, कारण ५ तासांची चूक डोळ्याला लगेच दिसते, अर्ध्या तासाची दिसत नाही आणि सॉफ्टवेअर रिपोर्ट छापून मोकळं होतं.

आत काय होतं ते बघा. सूर्य आकाशात कुठे आहे हे सॉफ्टवेअर तुमच्या फाइलवरून ठरवत नाही, ते अक्षांश-रेखांश, तारीख आणि घड्याळ यावरून स्वतः गणित करून काढतं. फाइलमधून फक्त ऊन किती पडलं ते घेतं. आता तुमच्या फाइलमध्ये ७ वाजताच्या ओळीत साडेसातचं ऊन बसलंय. सॉफ्टवेअरला वाटतं, सूर्य एवढा खाली आहे तरी सपाट जमिनीवर एवढं ऊन पडतंय, म्हणजे पूर्वेकडून येणारे थेट किरण चांगलेच जोरात असणार. मग ते जोरदार किरण ते पूर्वेच्या पॅनेलवर टाकतं. संध्याकाळी याच्या बरोब्बर उलटं होतं आणि पश्चिमेचं पॅनेल मार खातं. दक्षिणेला तोंड असलेलं छप्पर असतं तर सकाळ-संध्याकाळची चूक बरीचशी एकमेकीत भागली असती आणि तुम्हाला कधी कळलंही नसतं.

खात्री करायची तर गवंड्याचा ओळंबा घ्या, गच्चीवर टांगा आणि दोरीची सावली खडूने मारत जा. ज्या क्षणी सावली सगळ्यात आखूड आणि नेमकी उत्तर-दक्षिण रेषेत, तो खरा माध्यान्ह. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, बार्शी आहे ७५.७ च्या आसपास, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे बार्शीचा माध्यान्ह सरासरी १२ वाजून २७ मिनिटांनी येतो. वर्षभर तो इकडेतिकडे हलतो, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४१ आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:११ असा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी १२:२३ च्या सुमाराला ओळंब्याची सावली वजनाखालीच गडप होते, जरूर बघा, मुलांनाही दाखवा. आता पीव्हीसिस्टमध्ये एखादा निरभ्र दिवस उघडा आणि उन्हाचा डोंगर कुठे शिखराला जातो ते बघा. तुमच्या फाइलमध्ये तो त्या दिवसाच्या खऱ्या माध्यान्हाच्या अर्धा तास आधी, म्हणजे सरासरी १२ च्याही जरा आधी दिसेल. ओळंबा आणि आलेख यांची वेळ जुळत नसेल तर इम्पोर्ट चुकलंय, मग एरर आलेली असो की नसो.

दुरुस्ती सोपी आहे. एक्सेलमध्ये सरकवलेली फाइल टाकून द्या, मूळ फाइल परत उतरवा. पीव्हीसिस्टमध्ये पीव्हीजीआयएसच्या टीएमवायसाठी तयार इम्पोर्ट आहे, कस्टमच्या वाटेला जाऊच नका, टाइम झोन ५.५ आहे एवढं साइटमध्ये तपासा. कस्टमच करायचं असेल तर वेळेची दुरुस्ती मिनिटांत भरायची सोय असते ती वापरा, आणि दोन ओळींची सरासरी काढून अर्धा तास साधायचा उद्योग करू नका, त्याने दुपारचं शिखर बोथट होतं आणि सकाळी सूर्य उगवायच्या आत ऊन पडायला लागतं. शिवाय पीव्हीजीआयएसचे आकडे उपग्रहाच्या फोटोवरून येतात, फोटो नेमका तासाच्या ठोक्याला निघत नाही, म्हणून टीएमवाय फाइलच्या डोक्यावर ऑफसेट म्हणून एक छोटा आकडा दिलेला असतो. तो वाचायचा, खोडायचा नाही. इम्पोर्ट झालं की निरभ्र दिवसांची तुलना करणारे आलेख येतात, त्यात सकाळची आणि संध्याकाळची बाजू क्लिअर स्कायच्या, म्हणजे ढग नसलेल्या आकाशाच्या, रेषेला सारखी चिकटली पाहिजे. एक बाजू रेषेबाहेर आणि दुसरी आत असेल तर वेळ हललीय.

अजून एक, कारण तुम्ही एक्सेल उघडलं होतं. टीएमवाय म्हणजे सलग एक वर्ष नव्हे, वेगवेगळ्या वर्षांतले नमुनेदार महिने शिवून केलेलं वर्ष, जानेवारी एका सालचा, फेब्रुवारी भलत्याच सालचा. ते बघून काहीजण गोंधळतात आणि तारखेनुसार सॉर्ट मारतात, की महिन्यांची सगळी खिचडी. सॉर्ट मारू नका. ८७६० ओळी आहेत का, पहिली १ जानेवारीची आणि शेवटची ३१ डिसेंबरची आहे का, एवढं बघा.

सगळं नीट झाल्यावरही पूर्व बाजू किंचित वर राहिली तर घाबरू नका. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे दुपारनंतर वळवाचे ढग चढतात, पश्चिमेचं ऊन ते खरोखरच खातात. तो फरक खरा आहे, तो राहू द्या. पण गिऱ्हाइकाला सांगा की दोन्ही उतारांवर पॅनेल लावले तर वीज सकाळ-संध्याकाळ पसरून मिळते, घरात वापर त्याच वेळांना असतो. आणि घरच्या वापराचा तासातासाचा तक्ताही टाकणार असाल तर तो आणि ऊन एकाच घड्याळावर हवेत. सॅम नावाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे वरच्या माहितीच्या ओळींत, टाइम झोन शून्य लिहून यूटीसी फाइल तशीच चालवतात, सूर्य बरोबर बसतोही, पण मग रात्री साडेआठचं जेवण आणि टीव्ही सॉफ्टवेअरला दुपारी तीनलाच सांगावा लागतो, हे विसरलं की हिशोब फसला.

प्रश्न : मी रत्नागिरीत इंजिनिअरिंगला आहे. प्रोजेक्टसाठी नासा पॉवर या नासाच्या साइटवरून उन्हाचे आकडे घेतले. वेळेमध्ये एलएसटी निवडलंय, ते म्हणजे इंडियन स्टँडर्ड टाइमच ना? आणि रोजचे आकडे १९-२० येतायत, मित्राकडे साडेपाच आहेत.

उत्तर : नाही, एलएसटी म्हणजे रेखांशावरून काढलेली सूर्यवेळ, आपली प्रमाणवेळ नव्हे. यूटीसी मागव आणि साडेपाच तासांचा फरक सॉफ्टवेअरला स्पष्ट सांग. १९-२० चं कारण, तू शेतीच्या विभागातून आकडे घेतलेस, तिथे ऊन मेगाज्यूलमध्ये देतात. ३.६ ने भाग, किलोवॉट-तास येतील आणि मित्राशी जुळेल. कुठे -९९९ दिसलं तर तो आकडा नसून 'नोंद नाही' अशी खूण आहे, ती सरासरीत गेली की महिना बुडतो.

पण रत्नागिरीसाठी मला नासा पॉवर फारसं पटत नाही. त्यातल्या उन्हाचा एक चौकोन एक अंशाचा, म्हणजे बाजू साधारण शंभर किलोमीटरच्या वर. रत्नागिरीच्या चौकोनात थोडा समुद्र, किनारा, भातखाचरं आणि थेट सह्याद्रीचा कडा असं सगळं एकत्र येतं. जुलैत घाटावर ढग बसलेले असतात, किनाऱ्यावर मधूनच उघडीप असते, सगळ्याचा एकच आकडा काढला तर तो तुझ्या गच्चीचा कसा असेल? पीव्हीजीआयएसच्या उपग्रही आकड्यांचा चौकोन ५ किलोमीटरच्या आसपास असतो. कोकणाला तोच घे आणि प्रोजेक्टमध्ये दोन्ही शेजारी ठेवून पावसाळ्याचे चार महिने दाखव, गाइडना आवडेल.

प्रश्न : लातूरला आमची दालमिल आहे, २०० किलोवॉटचं घ्यायचंय. एकाचा रिपोर्ट म्हणतो किलोवॉटला वर्षाला १५०० युनिट, दुसऱ्याचा १८००. दुसरा म्हणतो त्याचा डेटा चांगला आहे. बँकेत १८०० वालाच द्यायचा विचार आहे.

उत्तर : देऊ नका, कळकळीने सांगते. तुम्ही पाठवलेली त्यांची शीट मी पाहिली. सपाट जमिनीवरचं वर्षाचं ऊन, म्हणजे जीएचआय, त्यात चौरस मीटरला २४०० किलोवॉट-तास आहे. जैसलमेरलासुद्धा एवढं ऊन पडत नाही, लातूरला कुठून पडणार? लातूरचा आकडा १९५० च्या आगेमागे हवा. चूकही त्याच शीटमध्ये सापडली. थेट किरणांचा रकाना आणि विखुरलेल्या प्रकाशाचा रकाना, डीएनआय आणि डीएचआय, यांची सरळ बेरीज करून जीएचआय म्हणून इम्पोर्ट केलंय. डीएनआय मोजतात तो सूर्याकडे तोंड करून. सपाट जमिनीवर तेच किरण तिरके पडतात आणि पसरतात, बॅटरीचा झोत भिंतीवर तिरका मारला की मोठा पण फिका होतो तसं. म्हणून आधी डीएनआयला, सूर्य बरोब्बर डोक्यावरून जितका कललाय त्या कोनाच्या कोसाइनने गुणायचं, मग विखुरलेला प्रकाश मिळवायचा. इथे गुणायचं राहिलं.

हिशोब करा. किलोवॉटमागे ३०० युनिटचा फरक, २०० किलोवॉटला वर्षाला ६०,००० युनिट. ते कधी तयारच होणार नाहीत, पण कर्जाचा हप्ता ते येणार असं धरून ठरेल. दिवसाला किलोवॉटमागे ४ युनिट हा आपल्याकडचा जुना ठोकताळा आहे, वर्षाचे १४६० होतात, त्याच्या जवळ जो रिपोर्ट आहे तो ऐका. दुसऱ्यांना ही चूक दाखवा, मुद्दाम केलेली नसेलही, पण दुरुस्त रिपोर्ट हातात आल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : मी म्युनिकला असतो. आई-बाबांच्या नाशिकच्या बंगल्यासाठी इथूनच सिम्युलेशन करतोय. हवामानाची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये बघून सेव्ह केली तर इम्पोर्ट होताना शेकडो ओळी नाकारल्या जातात.

उत्तर : तुमचं एक्सेल जर्मन आहे ना, तिथे दशांशाला स्वल्पविराम लागतो, त्यामुळे ५.३ असं वाऱ्याच्या वेगाच्या किंवा तापमानाच्या रकान्यात आलं की ते एक्सेलला ५ मार्च वाटतं आणि सेव्ह करताना तेच लिहिलं जातं. नाकारलेल्या ओळी साध्या नोटपॅडमध्ये उघडा, आकड्याच्या जागी तारखा दिसतील. फाइल पुन्हा उतरवा आणि डबल क्लिक करून उघडूच नका, बघायची तर नोटपॅडमध्येच बघा. एक्सेल हवंच असेल तर डेटा टॅबमधून टेक्स्ट म्हणून आत घ्या आणि भाषा इंग्लिश निवडा. आणि मार्चअखेर तुमच्याकडे घड्याळ एक तास पुढे जातं, नाशिकचं जात नाही, तेव्हा फाइलमध्ये उन्हाळ्याचा तास मिळवू नका, वर्षभर ५.५ च ठेवा.