हिरवा दिसणारा सर्व्हर जिवंत असतोच असं नाही

बाबू, एचएप्रॉक्सीच्या, म्हणजे येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, स्टॅट्सच्या पानावर सगळं हिरवं दिसलं म्हणून निवांत होऊ नको. एचएप्रॉक्सीची साधी तपासणी फक्त पोर्ट उघडतं का तेवढंच पाहते. आत अ‍ॅप अडकलं असलं तरी तिच्या लेखी सर्व्हर धडधाकट. म्हणून एचटीटीपी तपासणी लाव, म्हणजे अ‍ॅपकडून खरंच पान मागून उत्तर येतं का पाहणारी; तिच्यासाठी वेगळं हलकं पान ठेव. दर २ सेकंदांनी ती होते, सलग ३ वेळा चुकली की सर्व्हर वाटपातून बाहेर, २ वेळा जमली की परत आत. काही न बदलता मिळणारे आकडे हेच.

त्या पानात डेटाबेस तपासावा का? सगळ्यांचा डेटाबेस एकच असेल तर मी तर नकोच म्हणेन. तो अडखळला की सगळे सर्व्हर एकदम बाहेर आणि लोकांना ५०३, म्हणजे ‘सेवा उपलब्ध नाही’. त्याचा अलर्ट वेगळा लाव.

अपडेटच्या वेळी सर्व्हर आधी ‘ड्रेन’मध्ये टाक, म्हणजे त्याच्याकडं नवं काम जाणं थांबव, चालू कनेक्शनं संपू दे. त्याआधी उरलेल्यांना भार पेलेल का पाहा. कापूस नोंदणीच्या गर्दीच्या दिवसांत तर हातच लावू नको.

आणि गावातून काम करतोस ना? आपल्याकडं लाइट गेली की रेंजही जाते. टीमक्समध्येच (tmux, संपर्क तुटला तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारं साधन) काम कर, अलर्ट शहरातल्या जोडीदारालाही जाऊ दे.