विकिरण बरोबर आहे, घोळ ‘विकृती’नं केलाय

आमच्या कॉलनीतल्या एका मुलीनं विज्ञान दिनाच्या पोस्टरचं शीर्षक पाठवलं, ‘उतींच्या अवरक्त प्रतिमांतील विकिरण विकृतीची सुधारणा’, (ऊती म्हणजे टिश्यू, अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड) आणि विचारलं काका हे बरोबर आहे का, कारण आई म्हणते रेडिएशननं अंग बिघडलं त्यावरचा उपाय वाटतोय.

आईला वाटलं ते साहजिक आहे गं, पण ‘विकिरण’ चूक नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकात विकिरण म्हणजे स्कॅटरिंगच, प्रकाश विखुरणं, रेडिएशनला प्रारण (वहन, अभिसरण, प्रारण पाठ केलंयस ना?). हिंदीत मात्र विकिरण म्हणजे रेडिएशन आणि स्कॅटरिंगला प्रकीर्णन, त्यामुळं हिंदी नोट्स वाचल्या की गोंधळ होणारच. गंमत म्हणजे धातू एकच, संस्कृत कॄ, विखुरणे, किरणसुद्धा त्यातलाच सांगतात.

थंडीत पहाटे सांगलीच्या आयर्विन पुलावर कृष्णेचं धुकं चढलं की समोरच्या टूव्हीलरचा लाइट नुसता पांढरा गोळा दिसतो बघ, धुक्यानं तो उजेड खाल्लेला नसतो, चहूकडं उधळलेला असतो. तुझ्या विषयात नेमकं हेच होतं. पेशी काही मायक्रॉनची आणि अवरक्ताची तरंगलांबीही त्याच घरातली, म्हणून प्रकाश जोरात विखुरतो (१९०८ मध्ये मी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं याचं गणित मांडलं, हा ‘मी’ म्हणजे मी नव्हे). आता डिटेक्टरला कळतं फक्त किती प्रकाश पोचला नाही ते, शोषला गेला का बाजूला पळाला हे त्याला कळत नाही, सगळं शोषणाच्या खात्यात जमा. मग प्रतिमेतल्या प्रत्येक ठिपक्यामागं जो शोषणाचा आलेख असतो, त्याचा तळ लाटेसारखा वरखाली होतो आणि प्रथिनांचं १६५० प्रति सेंटिमीटरच्या (तरंगसंख्येच्या) आसपासचं शिखर जागचं सरकतं, त्यावरनं कुणी रोगाचं निदान करायला बसला तर फसला. म्हणून विखुरण्याचा वाटा गणितानं अंदाजून वजा करायचा.

खरी गडबड ‘विकृती’ची आहे. डिस्टॉर्शनला, म्हणजे मूळ रूप बिघडण्याला, विकृती एरवी चालते, पण शरीराच्या ऊतीशेजारी ती आली की वाचणाऱ्याला पॅथॉलॉजीच दिसणार, विकृतिशास्त्र म्हणतातच की तिला. इथं ऊती ठणठणीत असेल, बिघाड आलेखात आहे. आणि ‘सुधारणा’ पेशंटमध्ये होते, आलेखाची दुरुस्ती करतात.

मी असं लिहीन: ‘ऊतींच्या अवरक्त प्रतिमा : प्रकाशाच्या विकिरणामुळे येणाऱ्या दोषाची दुरुस्ती’. लांब झालंय, पण आईला दाखव.

आणि ऊतीचा ऊ दीर्घ, तो छापायच्या आधी बदल.