बाटली सोडायची तर पेला आजीच्या हाती द्या

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. ती ५ महिन्यांची असताना मला वावरात जावं लागलं, तेव्हा बाटली लागली ती अजून सुटली नाही. रात्री मध्येच उठली की अंगावर पिते, पण दिवसभर आणि झोपी जाताना बाटलीच लागते. तालुक्यावरून चोचीचा, दोन कानांचा कप आणला. महाग होता. त्यात दूध दिलं की ती चोच चावते आणि कप भिरकावते. सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, त्यामुळे दिवसभर ती सासूबाईंजवळ असते. त्या म्हणतात, "बाटलीनं पोटात तं जाते, काहून छळता पोरीले?" वरण-भात दोन घास खाते की तोंड फिरवते. काय करू?

उत्तर : बाई, आधी त्या कपाचं पाहू. त्यात पाणी भर, झाकण लाव आणि मोरीवर उलटा धर. थेंबही पडला नाही तर समजून जा की झाकणाच्या आत रबराची चकती बसवली आहे. दूध सांडू नये म्हणून ती असते आणि दुकानदार तेच सांगून कप विकतो. पण त्या चकतीमुळे बाळाला बाटलीसारखंच, किंबहुना जास्त जोर लावून ओढावं लागतं, आणि तोंडात मऊ निपलऐवजी कडक चोच येते. म्हणजे सवयीचं गेलं आणि नवीन काही शिकणंही झालं नाही. पोरगी फेकते त्यात तिचा काही दोष नाही. चकती काढून टाक. चोचीतून आपोआप थेंब यायला लागले की तिला कळेल, इथं ओढायचं नसतं, घोट घ्यायचा असतो.

माझं मत विचारशील तर चोचीच्या कपावर फार दिवस काढूच नकोस. १४ महिन्यांचं लेकरू साध्या पेल्यानं पिऊ शकतं. घरात चहाचा छोटा स्टीलचा पेला असेलच, ज्याचा काठ बाहेर वळवलेला असतो. तसा घे, धारदार काठाचा नको, ओठाला लागतो. त्यात तळाला दोन घोट राहतील एवढंच पाणी घाल. तिला मांडीवर ताठ बसव, पेला खालच्या ओठावर टेकव आणि पाणी ओठाला लागेल इतकाच कलता कर. तोंडात ओतायचं नाही. ती स्वतः वरचा ओठ खाली आणून सुरका मारेल. पहिले काही दिवस निम्मं पाणी हनुवटीवरून झबल्यात जाईल. जाऊ दे. दोन घोट झाले की पेला खाली घे, तिला गिळू दे, मग पुन्हा. तिनं पेला धरायला हात पुढे केले तर धरू दे, तू फक्त बुडाला बोट लावून ठेव.

सुरुवात पाण्यानं कर, जेवताना. पाण्यासाठी ती बाटलीवर तितकी अडून बसलेली नसते. पाणी जमलं की मग दूध, आणि तेही ती भुकेनं रडत असताना नाही. कडकडून भूक लागलेलं लेकरू नवीन भांड्याचा प्रयोग सहन करत नाही. दुपारची झोप होऊन ती हसतखेळत उठते ना, ती वेळ धर. बाटल्या एकदम बंद करू नकोस. आधी दुपारची काढ, चार-सहा दिवस जाऊ दे, मग सकाळची. झोपतानाची सगळ्यात शेवटी. ताप असेल, दात येताना किरकिर करत असेल किंवा नुकतीच लस दिली असेल तर थोडं थांब.

आता सासूबाईंचं. तुझ्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची हीच ओळ वाटली. तू सकाळी वावरात जाते ती दिवस मावळता येते. पोरीला दिवसभर दूध पाजतात त्या. तू रात्री कितीही पेला शिकवला आणि दिवसा बाटली चालू राहिली, तर पोरगी बाटलीचीच वाट पाहणार. म्हणून हे काम तुझं एकटीचं नाही, आणि त्यांच्याशी वाद घालूनही होणार नाही. एक कर. संध्याकाळी निवांत बसल्या असतील तेव्हा विचार, "आई, तुमची लेकरं कशानं दूध पीत होती?" आपल्याकडच्या त्या पिढीच्या बहुतेक बाया सांगतील : वाटी-चमच्यानं, बोंडल्यानं (म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्यानं), पेल्यानं. मग म्हण, "मले नाही जमून राहिलं, तुम्हीच शिकवा तिले." हे त्यांना खूश करायला म्हणायचं नाही. त्यांनी खरंच बाटलीशिवाय लेकरं वाढवली आहेत, त्यांच्या हाताला ते ठाऊक आहे. एकच गोष्ट हात जोडून सांग : आडवं निजवून तोंडात ओतायचं नाही. जुन्या बाया बोंडल्यानं तसं पाजत आणि त्यात ठसका लागून दूध श्वासनळीत जाण्याची भीती असते. लेकरू बसलेलं पाहिजे, घोट त्यानं घ्यायचा.

त्यांचं "पोटात तं जाते" हे मायेचं बोलणं आहे, पण काय जाते आणि किती, हेही पाहावं लागेल. वर्षानंतर लेकराचं मुख्य अन्न ताटातलं असतं. वरचं दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. तुमच्याकडे किती जातं ते एक दिवस मोजून पाहा. पोट दुधानं भरलं की वरण-भाताला जागा उरत नाही, म्हणूनच ती दोन घासांवर तोंड फिरवते. आणि गायी-म्हशीच्या दुधात लोह अगदी कमी असतं. नुसत्या दुधावर वाढलेली लेकरं गुबगुबीत दिसतात आणि रक्त कमी निघतं. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते तेव्हा असं गोरंपान, गोल गालांचं बाळ आणून आई कौतुकानं दाखवायची, आणि डोळ्याची खालची पापणी ओढली की आत पांढरी. तुमच्या आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या लेकरांना ते १ मिली, आठवड्यातून दोनदा द्यायचं असतं. विचारून घे. दूध कमी होईल तसं तुरीचं घट्ट वरण, त्यात कुस्करलेली भाकर, वर लिंबू पिळून पालकाची भाजी, चालत असेल तर अंडं, हे वाढव. चहा मात्र घोटभरही नको, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

रात्रीची बाटली तोंडात ठेवून ती झोपत असेल, तर तिचे वरचे पुढचे दात पाहा. हिरड्यांजवळ पांढुरकी किंवा पिवळट रेघ दिसली तर कीड सुरू होते आहे. झोपेत लाळ कमी सुटते आणि दूध, त्यात साखर घातली असेल तर आणखीच, दातांवर बसून राहतं. आधी साखर बंद. मग दूध जेवणानंतर पेल्यानं देऊन टाक, ओल्या स्वच्छ फडक्यानं दात पुस, आणि झोपतानाच्या बाटलीत रोज थोडं पाणी वाढवत ने, शेवटी नुसतं पाणी राहील इतकं. नुसत्या पाण्याच्या बाटलीवरचा तिचा जीव लवकर उडतो. (हे वर्षाच्या वरच्या, जेवणाऱ्या लेकरासाठीच. लहान बाळाचं दूध कधीही पातळ करू नये.) तुझं अंगावरचं दूध तोडायचं काही कारण नाही, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही खुशाल पाज. बाटली गेल्यावर तिला जवळ घेऊन निजायला तेच कामी येईल.

थोडे दिवस दूध कमी पिईल. घाबरू नकोस, दही दे, कढी दे. लघवी नेहमीसारखी होते ना आणि अंगणवाडीत वजन घटत नाही ना, एवढं पाहा. मात्र प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल, दूध नाकातून येत असेल किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखव.

प्रश्न : माझा मुलगा ७ महिन्यांचा आहे, अंगावरच पितो. वरचं खाणं सुरू केलं आहे. पुढच्या महिन्यात मला कामावर जायचं आहे. कोणती बाटली घ्यावी?

उत्तर : कोणतीच नको. तुझं दूध काढून झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या भांड्यात ठेव आणि सांभाळणारीला वाटी-चमच्यानं पाजायला आत्तापासून शिकव. या वयाचं बाळ छोट्या पेल्यातूनही पिऊ लागतं. बाटलीच्या निपलच्या टोकात आणि झाकणाच्या आट्यांत दूध अडकून राहतं, ब्रशशिवाय निघत नाही, आणि खेड्यात लेकरांच्या हगवणीचं ते एक मोठं कारण आहे. वाटी राखेनं नव्हे, साबणानं घासून उकळून घेतली की झालं. बाटलीच्या जाहिरातीवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, ती उगाच नाही. काढलेलं दूध घरात गार जागी चार तास चालतं, पण वावरात धुऱ्यावर डबा ठेवून पाजायचा बेत असेल तर तो सोड. तिथं बाळच तुझ्याजवळ आणायला सांग.