वंदना कोण घेणार?

प्रश्न : आमच्या विहारात पौर्णिमेची खीर आम्ही बायका करतो, सतरंज्याही आम्हीच घालतो, वंदना मात्र पुरुषच घेतात. माझ्या मुलीचा लग्नविधी माझ्या नणंदेने लावावा अशी माझी इच्छा आहे. तिला सगळं तोंडपाठ आहे. दीर म्हणतात, बाईने विधी लावणं धम्मात बसत नाही. खरं का?
– एक वाचक, विक्रोळी

उत्तर : ताई, आपल्या लग्नात असतं काय? पांढरी वस्त्रं, बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमा, त्रिसरण, पंचशील, वधूवरांच्या प्रतिज्ञा, मंगलगाथा. यातलं बाईच्या तोंडी न शोभणारं काय, ते दिरांनीच दाखवावं.

त्यांच्या कानावर बहुधा आठ गरुधम्म, म्हणजे भिक्षुणींसाठीचे आठ नियम, आले असावेत. शंभर वर्षांपूर्वी उपसंपदा (संघातली पूर्ण दीक्षा) घेतलेल्या भिक्षुणीनेही आजच दीक्षित झालेल्या भिक्षूला वंदन करावं, असा त्यातला एक नियम. मला तो कधीच पटला नाही. पण तो भिक्षु-भिक्षुणींच्या संघातला नियम; गृहस्थांच्या मांडवात त्याचा काय संबंध? आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांच्या बरोबरीने त्यांच्या पत्नी माईसाहेबांनीही दीक्षा घेतली, तीच त्रिसरणं म्हणून.

एकदा दिरांना बोरिवलीला कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांवर न्या. भिक्षुणींनी दिलेल्या दानांचे लेख तिथे दगडात कोरलेले आहेत. दान चालतं, गाथा चालत नाही?

विहार कमिटीला मात्र आधीच कळवा; ऐन मांडवात वाद नको. आणि नणंदबाईंना म्हणावं, माइक तोंडाजवळ धरा, डीजेवाले कुणाचं ऐकत नाहीत.