6 इंची तोंडाची लोखंडी बंद चूल माळवदातल्या जुन्या 4 इंची सिमेंटच्या धुराड्याला रिड्यूसर (मोठ्या मापावरून लहान मापावर आणणारा जोड) लावून जोडता येईल का?

नाही, जोडू नका; चुलीचं दार उघडलं की धूर घरात येईल. गणित सरळ आहे: 6 इंची नळीचं क्षेत्रफळ साधारण 28 चौरस इंच, 4 इंचीचं जेमतेम साडेबारा. म्हणजे धुराची वाट निम्म्याहून कमी होते आणि धूर वर खेचणारी ओढच राहत नाही. त्यात आपल्याकडे पऱ्हाटी, तुऱ्हाटी (कापसाच्या, तुरीच्या वाळल्या काड्या) जाळायची. ती थोडी जरी ओली असली तरी धूर दाट, आणि आत काजळीचं डांबर बसून पाइप अजून अरुंद. मग तेच एखाद्या दिवशी पेटतं, आणि माळवदाला तर लाकडी सरे.

चुलीच्या तोंडाएवढाच पाइप वरपर्यंत न्या, माप आतून घ्या. जोड देताना वरच्या पाइपचं टोक खालच्याच्या आत बसवा, नाहीतर डांबर बाहेर ओघळतं. माळवदाच्या वर किमान 3 फूट, लाकडापासून अंतर ठेवून. पीव्हीसी तर चुकूनही नको.

उलट असतं, म्हणजे चूल 4 इंची आणि धुराडं 6 इंची, तर माप जुळवणारा जोड लावून बहुतेक वेळा भागतं. फक्त रुंद पाइपात धूर लवकर थंड होतो, म्हणून काजळी जास्त वेळा झाडावी लागेल.