स्पॅनिश प्रश्नोत्तरे : आघात कुठे, अक्षरं किती?

तोच गोंधळ पुन्हा पत्रांत आलाय, म्हणून उत्तरं एकत्र देते. अक्षर म्हणजे इथे एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. खाली ऽ म्हणजे त्याच्या आधीच्या अक्षरावर आघात. लांबवायचं नाही, ठासून म्हणायचं.

प्रश्न : 'लेएर' (वाचणे) मध्ये अक्षरं किती?

दोन. ले-एऽर.

प्रश्न : मोबाइलवर स्वरावरची तिरकी रेघ सापडत नाही. नाही दिली तर चालेल ना?

नाही. तेऽर्मिनो म्हणजे संज्ञा, तेर्मिऽनो म्हणजे मी संपवतो, तेर्मिनोऽ म्हणजे त्याने संपवलं. शेवटी स्वर, एन किंवा एस असला की आघात उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) अक्षरावर धरतात, म्हणून मधल्याला रेघ नको, बाकी दोघांना हवीच. स्वराचं बटण दाबून धरा, येते.

प्रश्न : २०१० मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादमीने या रेघा रद्द केल्या, असं ऐकलं.

ऐकीव! माद्रिदच्या अकादमीने तेव्हा 'गिओ' (त्याने वाट दाखवली) अशा, लेखनात एकाक्षरी धरल्या जाणाऱ्या आणि आणखी काही मोजक्याच शब्दांची रेघ काढली. 'ब्यो' (पाहिलं), 'द्यो' (दिलं) यांची तर १९५९ पासूनच गेलीय. पुस्तक जुनं असेल तर शिक्षकांना दाखवून घ्या.

प्रश्न : 'पोदेर'चं (शकणे) मी-साठी 'प्वेदो', पण आम्ही-साठी 'पोदेमोस'. अनियमित क्रियापदांचा लॅमिनेट केलेला तक्ता घेऊ का?

पैसे ठेवा खिशात. लॅटिनमधला ऱ्हस्व ओ आघाताखाली आला की स्पॅनिशमध्ये फुटून 'वे' झाला. आघात नाही तिथे ओ तसाच राहिला. प्वेऽदो, प्वेऽदेस, प्वेऽदे, प्वेऽदेन. पण पोदेऽमोस, पोदेऽइस. आघात पुढे सरकला, 'वे' गेला. दूध-दुधाला, मूल-मुलाला म्हणताना तुम्ही तक्ता बघता का? तिथलं कारण वेगळं, पण शब्द वाढला की आतला स्वर बदलतो ही सवय आपल्या अंगात आहेच. शब्द घडतानाही हेच : दार 'प्वेऽर्ता', दारवान 'पोर्तेऽरो'. ए असाच फुटून 'ये' होतो : म्हातारा 'ब्येऽहो', म्हातारं होणं 'एम्बेहेसेऽर'.

तक्तेवाले सहा रूपं चार रंगांत छापतात आणि आघात एकदाही दाखवत नाहीत. असाच तक्ता घोकलेला एक मुलगा माझ्याकडे आला. सहाही रूपं घडाघडा, पण प्रत्येक वेळी टोला पहिल्याच अक्षरावर : पोऽदेमोस! बाकावर बोटाने ठोकत म्हणायला लावलं, 'दे'ला जोरात. पंधरा मिनिटांत जिभेला वळण लागलं. मात्र प्रत्येक ओ फुटतो असं नाही; 'कोमेऽर'चं (खाणे) 'कोऽमो'च होतं. शंका आली की अकादमीचा ऑनलाइन कोश उघडा, तिथे क्रियापद चालवून दिलेलं असतं, फुकट.

प्रश्न : चॅटवरून क्रियापद कोणत्या गटात?

'आर' गटात, म्हणजे शेवटी 'आर' असलेल्यांत : चातेआऽर. नवी जवळजवळ सगळी तिथेच जातात.

प्रश्न : परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. आघाताचं नंतर बघितलं तर?

नंतर म्हणजे तोंडी परीक्षेत? आजच दहा ओळी शिक्षकांसमोर मोठ्याने वाचा, आणि चुकलेल्या अक्षरांखाली त्यांना पेन्सिलीने खूण करू द्या.