‘होतो’ की ‘होते’?

प्रश्न : यिडिश कवयित्रींच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद वाचल्यापासून त्यांतील काही कविता आमच्या यावल-रावेरकडच्या लेवा बोलीत आणाव्यात, असे मनात आहे. आजीच्या ओव्या आणि बहिणाबाईंची गाणी कानात असल्यामुळे ओवीचाच छंद योग्य वाटतो. हे बरोबर आहे का? मूळ भाषा येत नसताना असा अनुवाद करावा का?
— एक वाचक, फैजपूर

उत्तर : बोलीची निवड आम्हाला पटते, ओवीची पटत नाही. पूर्व युरोपातील ज्यू समाजात हिब्रू ही पवित्र भाषा, तिचे अध्ययन मुख्यतः पुरुषांचे. घरात बोलली जाणारी यिडिश ही ‘मामे-लोशन’, म्हणजे आईची भाषा, आणि ‘त्खिने’ नावाच्या बायकांच्या प्रार्थनाही तिच्यातच. त्या प्रार्थना ओवीत शोभतील. परंतु बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते, घरोट्यावर, म्हणजे जात्यावर, आणि शेतात सुचलेले इतरांनी उतरवून घेतले, तर यिडिश कवयित्रींपैकी काद्या मोलोदोव्स्की शिक्षिका होत्या आणि ॲना मार्गोलिन न्यूयॉर्कमध्ये पत्रकारिता करत होत्या. त्यांच्या कवितेला घरोट्याची लय दिली, तर त्यांचे शहर आणि त्यांची बंडखोरी दोन्ही हरवतील.

बोलीचा खरा लाभ निराळाच आहे. मोलोदोव्स्कींच्या 1927 च्या संग्रहातील ‘स्त्रियांची गाणी’ या मालिकेत घराण्यातील बायका रात्री स्वप्नात येऊन, आपण पिढ्यान्‌पिढ्या शालीनतेने शुद्ध रक्त वाहून आणले, असे सांगतात. त्यांत ‘शालीनता’ आणि ‘पिढ्या’ यांसाठीचे शब्द हिब्रूतून आलेले आहेत, ‘रक्त’ मात्र यिडिशच्या मूळ जर्मन वळणाचे. इंग्रजीत हे अंतर पुसट होते. लेवा बोलीच्या ओळीत एखादा पोथीतला संस्कृत शब्द तसाच ठेवला, तर ते पुन्हा जाणवेल.

मूळ भाषेकडे जाण्याची गरज मात्र मार्गोलिन यांच्या ‘लिडर’ (1929) या एकमेव संग्रहाच्या पहिल्याच ओळीत दिसते : ‘इख बिन गेवेन अ मोल अ यिंगलिंग’, म्हणजे आपण एकेकाळी तरुण मुलगा होतो, असे एक कवयित्री म्हणते. यिडिश क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही, इंग्रजीही सांगत नाही. मराठीला मात्र ‘होतो’ किंवा ‘होते’ असे ठरवावेच लागते. ‘होतो’ म्हटले की आज बोलणारी बाई दिसेनाशी होते, आणि ‘होते’ म्हटले की तो मुलगा खोटा पडतो. आमच्या मते क्रियापदच गाळावे : ‘एकेकाळी मी एक तरुण मुलगा’. मराठी कवितेला ते परके नाही. पुढच्या ओळीत ही अडचण येतच नाही, कारण ‘मी सॉक्रेटिसला ऐकले’ या वाक्यातील क्रियापद कर्त्याच्या लिंगाने बदलत नाही. मराठीच्या या सवलतीचा उपयोग करून घ्यावा.

अमेरिकेतील ॲमहर्स्ट येथील यिडिश बुक सेंटरने असंख्य जुनी यिडिश पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य वाचायला ठेवली आहेत. लिपी हिब्रू असून ती उजवीकडून डावीकडे वाचतात. निदान अक्षरे तरी ओळखू यावीत, एवढी तयारी करून मगच आपला पहिला मसुदा आमच्याकडे पाठवावा.